बाहेरचे परीक्षक

सुधन्वाने रिपोर्टचं पहिलं पान वाचलं आणि पेन आडवं ठेवलं.

"'शोषित वर्गाची एक प्रतिनिधी.' हिला नाव आहे की नाही?"

समोर बसलेली स्वरूपा गडबडली. "सर, रिपोर्टमध्ये नाव लिहायचं नसतं."

"मला तोंडी सांग."

"कमलेश. पानिपतची. नवरा कापडाच्या लूमवर होता, दोन वर्षांपूर्वी कारखाना बंद झाला."

राजधानीतल्या या कॉलेजात एमएसडब्ल्यूचा, समाजकार्याच्या पदवीचा व्हायव्हा हिंदीत सुरू झाला होता, पण तिघंही मराठी, म्हणून पाच मिनिटांत मराठीत घसरला. तिसऱ्या विजयालक्ष्मी मॅडम. स्वरूपाच्या फील्डवर्कच्या गाइड. आठ वर्षांपूर्वी सुधन्वाच्याही त्याच होत्या.

तेव्हा त्याने नांगलोईतल्या एका विधवेला शिलाई मशीन मिळवून दिलं होतं आणि खुशीत आठ पानं लिहिली होती. मॅडमनी लाल पेनने लिहिलं, 'मलमपट्टी. बाबूच्या मुलाची समाजसेवा.' मग त्याला वर्गापुढे उभं केलं. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढल्यामुळे आपली नजर कशी आंधळी झाली, हे त्याने कागदावरून वाचून दाखवायचं. तो कागदसुद्धा मॅडमनी दोनदा दुरुस्त करायला लावला. एवढं करून फील्डवर्कमध्ये नापास. वर्ष गेलं. बाबांनी शेजारी सांगितलं, सुधन्वाला कावीळ झाली. मग आई सगळ्यांना दिसेल असा रोज उसाचा रस आणायची.

आता तो मानेसरला, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत कामगारांसाठीच्या काउन्सेलर्सना ट्रेनिंग देत होता. बाहेरचा परीक्षक म्हणून पत्र आलं त्याच दिवशी त्याने सुट्टी टाकली. निम्मे मार्क त्याच्या हातात होते.

"कमलेशला तुझ्याकडून काय हवं होतं?"

"संघटन," स्वरूपा म्हणाली आणि तिने मॅडमकडे पाहिलं.

"तिकडे बघू नकोस. परीक्षा तुझी आहे."

मॅडम हसल्या. "अरे बाबा, व्हायव्हा आहे, पोलीस ठाणं नाही. जरा पाणी पी."

त्याने ग्लासला हात लावला नाही. "तिने स्वतःच्या तोंडाने काय मागितलं?"

स्वरूपा ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मुलीच्या अॅडमिशनचा फॉर्म भरून दे म्हणाली. आणि नवऱ्याला समजाव. तो प्यायला लागला होता."

"भरलास?"

"हो. अॅडमिशन झाली पण."

"मग इथे कुठाय ते?"

"पहिल्या ड्राफ्टमध्ये होतं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मॅडमनी काटलं. मलमपट्टी म्हणाल्या."

सुधन्वाने खुर्ची वळवली. मॅडमकडे तोंड करून बसला. हे सगळं त्याने गाडीत बोलून बघितलं होतं, हायवेवरच्या ट्रकांमध्ये अडकलेला असताना.

"मॅडम?"

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला. "चूक काय त्यात? एक फॉर्म भरला म्हणून लूम चालू होतात का? हे तर मी तुलाही शिकवलं होतं."

"शिकवलंत ना. माझं एक वर्ष घेऊन."

"कुठलं वर्ष?"

टोमणा नव्हता तो. त्या खरंच विचारत होत्या. कपाळाला आठ्या घालून आठवून बघत होत्या.

"मी नापास झालो होतो," तो म्हणाला.

"तू? अच्छा?" मॅडमनी चष्मा परत लावला. "तू तर माझ्या चांगल्या मुलांपैकी. म्हणून तर तुझं नाव मीच सुचवलं."

गाडीत तयार केलेलं एकही वाक्य इथे बसेना. सुधन्वाने रिपोर्ट बंद केला. परत उघडला. मग स्वरूपापुढे सरकवला.

"हा मी पास करू शकत नाही."

"सर, प्लीज. माझं सिलेक्शन झालंय. एक तारखेला जॉइन करायचंय. घरी सगळ्यांना सांगून बसलेय मी."

"मग निष्कर्ष परत लिही. आत्ता. इथेच, मॅडमसमोर." त्याने कोरे कागद पुढे केले.

"सुधन्वा, असं नियमात नाही," मॅडम म्हणाल्या.

"मार्कशीटवर सही माझीही लागते, मॅडम."

स्वरूपाने कागद सरळ केले. डोळे पुसले, पेनचं टोपण काढलं, वर तारीख घातली. "काय लिहू, सर?"

"तुला जे दिसलं ते."

"ते कळलं, सर." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. "पण तुम्हाला काय पाहिजे?"

 मॅडम आता सुधन्वाकडे निरखून बघत होत्या, बघतच राहिल्या.  त्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"लिही," तो म्हणाला. "या कुटुंबाची समस्या परिस्थितीची नाही. नवऱ्याच्या मनोवृत्तीची आहे. परिस्थिती आपल्या हातात नसते, मन असतं." मानेसरला प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगायचा तेच. एकही शब्द शोधावा लागला नाही.

स्वरूपाचं अक्षर गोल, सुंदर होतं. ती भराभर लिहीत होती. चौथ्या ओळीला थांबली.

"सर, कारखाना बंद झाला, ते ठेवू का?"

त्याने मॅडमकडे पाहिलं.

"नको," तो म्हणाला.