दोन दर्शन सिंग

गुरुवारी दुपारी आखातात, अल क्वोजच्या कामगार कॅम्पात मेसच्या दारावर यादी लागली. बेचाळीस नावं. साइटवरचे टॉवर तीन महिन्यांपासून अर्धवट उभे होते, त्यामुळे यादी येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. नोकरी गेली असं त्या वर्षी कॅम्पात कुणी म्हणत नसे. व्हिसाबरोबर माणूसच कॅन्सल होई.

सत्ताविसावं नाव होतं दर्शन सिंग, कारपेंटर. पुढे कामगार नंबराची जागा कोरी. आणि दर्शन सिंग तर दोन होते. दोघेही शटरिंगचे सुतार, दोघेही नऊ नंबरच्या खोलीत.

"अर्धा अर्धा पाठवा," मागून कुणीतरी म्हणालं. "पगडी एकाची, पाय दुसऱ्याचे." दोघंतिघं हसले आणि पुन्हा आपापली नावं शोधू लागले.

थोरले दर्शनसिंग एक्कावन्न वर्षांचे, नांदेडचे. त्यांच्या घराण्याला नांदेडात राहून इतक्या पिढ्या झाल्या होत्या की पंजाब त्यांनी फक्त एकदा, तोही लग्नाच्या वऱ्हाडात पाहिला होता. आडनाव कारागीर. पासपोर्ट काढताना एजंटने ते गाळलं. "सिंग म्हणजे सिंग, सरदारजी. तिकडं आडनाव कोण विचारतंय?"

धाकटा दर्शन अठ्ठावीसचा, पंजाबातल्या मोग्याकडचा. बापाशी भांडून सात महिन्यांपूर्वी आलेला. थोरल्यांना तो चाचाजी म्हणे आणि त्यांच्या पंजाबीची मनसोक्त टिंगल करी, कारण बोलता बोलता त्यांच्या तोंडून 'पण' आणि 'बरं का' निघून जाई. "चाचाजी, तुमची पंजाबी लुंगी नेसून येते," तो म्हणे. तरी सकाळी पगडीच्या कापडाचं दुसरं टोक धरायला त्याला चाचाजीच लागत आणि चाचाजींना तो. सहा मीटर कापड एकट्याने घडी होत नाही. एकाने टोक धरायचं, ताण द्यायचा, दुसऱ्याने कडा दुमडत त्याच्यापर्यंत यायचं.

शुक्रवारी सकाळी त्याने टोक धरलं, पण ताण देईना. कापड मध्ये झोळीसारखं लोंबत राहिलं.

"ओढ की," दर्शनसिंग म्हणाले.

"चाचाजी, तुम्हाला काय वाटतं, कोण?"

"उद्या ऑफिसात कळंल. ओढ."

त्यांना स्वतःपुरतं एवढंच हवं होतं, की आणखी दोन वर्षं निघावीत. मुलगी बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती दहावीत असताना ते इथे आले; मधल्या चार वर्षांत एकदाच, महिनाभर घरी गेले. तिचं शिक्षण संपेपर्यंत टिकायचं, मग काय व्हायचं ते होवो, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शनिवारी कंपनीच्या गाडीने दोघं अल कुसैसच्या ऑफिसात गेले. एचआरच्या टेबलाशी अनुपमा नावाच्या बाई होत्या, पस्तिशीच्या, डोळ्यांखाली झोपेची काळी वर्तुळं. त्या फोनवर मुलाला सांगत होत्या, "अरे, फ्रीजमध्ये वरणाचा डबा आहे, तो काढ. नो पिझ्झा. खलास." फोन ठेवून त्यांनी हिंदीत विचारलं, "दोनों दर्शन सिंग? बैठिए."

दर्शनसिंगांनी बसता बसता सहज म्हटलं, "पोरगं काय वरण खातंय, ताई."

बाईंचा हात कीबोर्डवरच थांबला. "तुम्ही मराठी?"

"आमी नांदेडचे. हिंगोली गेटजवळचे."

"अय्या. मी पुण्याची." त्या खरोखर हसल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवला, खरं तर उतरवायची गरज नव्हती. "काका, खरं सांगू का? साइटवरून नुसतं नाव आलंय. टाइमकीपरला विचारलं असतं, पण तोच पहिल्या यादीत कॅन्सल झाला. वर फक्त आकडा हवाय, एक दर्शन सिंग कमी. मी या मुलाचा नंबर टाकते. त्याचं वय आहे, त्याला मिळेल कुठंतरी. तुम्ही राहा."

मराठी न कळणारा धाकटा दर्शन हात मांडीवर ठेवून एकदा बाईंकडे, एकदा चाचाजींकडे पाहत होता. "की कहंदी ए, चाचाजी?"

"बघतायत," दर्शनसिंग म्हणाले. हे मराठीत निघालं. मग पंजाबीत म्हणाले, "कागद बघतायत."

बाईंनी माउस हलवला. दर्शनसिंगांना फक्त गप्प बसायचं होतं. काही करायचं नव्हतं, काही मागायचं नव्हतं. त्यांना लेकीचा पांढरा एप्रन आठवला, फोटोत पाहिलेला. आणि तरी सुताराची सवय अशी, की खिळा ठोकण्याआधी फळी कुठली ते पाहायचं, तसं त्यांनी विचारलं, "ताई, त्या कागदावर टॉवर कंचा लिवलाय?"

"टॉवर? थांबा हं." त्यांनी एक चुरगळलेली चिठ्ठी उलटी केली. "बी."

बी टॉवरवर सुरुवातीपासून दर्शनसिंग होते. धाकटा एक दिवसही तिकडे गेला नव्हता. त्याचं काम ए टॉवरच्या तळघरात. हे बाईंना कळायला आता मार्ग नव्हता, आणि त्या मुलाला चिठ्ठीत काय आहे तेही माहीत नव्हतं.

"काका, टॉवरने काही फरक पडत नाही," अनुपमाबाई म्हणाल्या. त्यांना बहुतेक समजलं होतं. "मी विचारलंय का तुम्हाला?"

"नाही विचारलं."

"मग?"

दर्शनसिंगांनी हिंदीत, शेजारच्यालाही कळेल असं म्हटलं, "मॅडम, बी टॉवर में मैं था. ये लड़का नहीं था."

बाईंनी थोरल्यांचा नंबर टाईप केला आणि कागद छापून सहीला त्यांच्यापुढे केला. "इथे," त्या म्हणाल्या. "आणि इथे." त्यानंतर मराठीत काही बोलल्या नाहीत.

बाहेर गाडीचा ड्रायव्हर यल्ला, यल्ला करत घाई लावत होता. धाकटा दर्शन भिंतीशी उभा राहिला, हलेना.

"तुम्ही मराठीत बोलायला लागलात, तेव्हाच मी समजलो माझं संपलं," तो म्हणाला.

"तुला काय कळलं त्यातलं?"

"काही नाही. पण त्या एकदाही माझ्याकडं बघत नव्हत्या."

"मग बोलायचंस की."

"कशात बोलू, चाचाजी? मला तुमची लुंगीवाली भाषा येते का?" त्याचे डोळे भरले होते, आणि तो चिडलाही होता. "मला विचारलं असतंत तर मी सांगू नका म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं," दर्शनसिंग म्हणाले. "चल, गाडी जाईल."

घरी कळवायचं काम त्यांनी संध्याकाळपर्यंत लांबवलं. बायकोला आधी सांगावं असं ठरवून फोन लावला, तर उचलला लेकीने. त्यांनी तिला पेपर कसे गेले ते विचारलं, हॉस्टेलवरून कधी आलीस ते विचारलं, नांदेडात ऊन किती आहे तेही विचारलं. मग म्हणाले, "बेटा, मी कॅन्सल झालो."

फीचं कसं होणार, दुसरं काम बघणार का, या सगळ्याची उत्तरं ते गाडीत बसल्यापासून जुळवत आले होते.

"म्हणजे तुम्ही येताय, पापा?" तिने विचारलं. तिच्या आवाजात आनंद होता, तो तिला लपवता येत नव्हता. "कायमचे?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"हो," ते म्हणाले, आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.