कोपऱ्यावरचं कुंकू

हजराबाईंनी मोबाइलवरचा फोटो धोंडीरामच्या शिलाई मशीनसमोर धरला. पांढरं कापड, मधोमध निळी होडी. त्यांच्या बेटाचा झेंडा. उद्या दुपारी कतारमधल्या लुसैलच्या हॉटेलात त्यांचं बेट शेजारच्या देशांच्या व्यापार करारात सामील व्हायचं होतं आणि त्यांच्या शिष्टमंडळाची झेंड्याची पेटी विमानातून उतरलीच नव्हती.

बेट एवढंसं, त्या तुटक्या हिंदीत सांगत होत्या, सकाळी चालत निघालं की जेवायला परत घरी. आता मासळी जकातीशिवाय मोठ्या देशांत जाईल, पण त्यांचा मालही इकडे येईल. आपलं काय उरेल, या विचारानं त्यांना झोप नव्हती.

धोंडीरामनं मान डोलावली. दोहाच्या नजमा भागातल्या त्या दुकानात फुटबॉल विश्वचषकाच्या बत्तीस संघांचे झेंडे छताला भिडले होते. त्यांच्यापायीच मालकानं रजा नाकारली होती. "कप खलास, फिर जाओ." आणि उद्या तिकडं गावी लेकीचं, अंबिकाचं लग्न.

तिचा झंपर त्यानंच शिवून गावी निघालेल्या नंदूबरोबर धाडला होता. नवं कापड कोपऱ्याला कुंकू लावल्याशिवाय त्याच्या हातून कधी सुटलं नव्हतं. दसऱ्याला मशीन पुजायचा कुंकवाचा करंडा मशीनच्या खणातच असे. रात्री बायकोचा, हौसाबाईचा फोन आला.

"झंपराला कुंकू लावायचं इसरलासा व्हय?"

"तू लाव की."

"लावलंय म्या. पर बापाचं बोट वायलं."

दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या रिळांना टेकून फोन उभा होता. फोनमध्ये लग्नाच्या मांडवातल्या पाठीच पाठी, फेटेच फेटे. पोर कुठं दिसेना. धोंडीराम झेंड्याची शेवटची कड शिवत होता. मंगलाष्टका सुरू झाल्या, पाय थांबला. अक्षता उडाल्या, वाजंत्री कडाडली, आणि त्यानं खाली पाहिलं. पांढऱ्या कोपऱ्यावर कुंकवाचं बोट उमटलं होतं. करंडा उघडा, बोट त्याचंच.

पुसायला गेला तर आणखी फासलं. पांढरं कापड संपलेलं.

हजराबाई आल्या तेव्हा त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. झंपर, करंडा, फोन. कोपरा दुमडून शिवतो म्हणाला, पण झेंडा आखूड होईल.

त्यांनी डागावर बोट ठेवलं.

"बेटी गई?"

"नहीं. शाम को जाएगी."

"रहने दो, चाचा. हम भी आज ही जा रहे हैं."

कुंकू आत राहील अशी घडी घालून त्यांनी झेंडा नेला.

चार वाजता तो कॅफेटेरियात चहाला बसला. गावाकडं साडेसहा, पाठवणीची वेळ. टीव्हीवर लांबलचक टेबल आलं, सह्या झाल्या. झेंड्यांच्या ओळीत अगदी टोकाला निळी होडी. कोपरा काही दिसला नाही.

धोंडीराम उठून उभा राहिला.

"बैठो ना, चाचा," वेटर म्हणाला.

होडी पडद्यावरून गेली, जाहिरात लागली. तो उभाच होता.