काढून ठेवलेला फर्मा

मावशीने पुस्तकाच्या पाठीवरचा जुना दोरा कापला आणि सुटे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, एकेक करून टेबलावर मांडले. तिचा धंदाच बाइंडिंगचा, पुस्तकं उसवायची नि पुन्हा शिवायची. पण हे गोष्टीचं पुस्तक तिच्या धाकट्या बहिणीचं होतं, आणि बहीण जाऊन फार दिवस झाले नव्हते. दुपारचं फिकट ऊन खिडकीतून आत येत होतं, त्यात कागदाची धूळ तरंगत होती. सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी गप्प होती.

बहिणीचा नवरा दारात उभा होता.

"शेवटचा फर्मा काढून टाका, ताई."

"का?"

"त्यात तो पक्षी मरून परत येतो. चर्चमधलीच, मेलेला तिसऱ्या दिवशी उठतो ती गोष्ट, नुसती पिसं चिकटवून सांगितलेली. हिला पटायचं ते सगळं. पण उद्या पोरगी आई येईल म्हणून दाराकडे डोळे लावून बसली, तर मी काय करू?"

तसं त्याचं अगदीच चुकीचं नव्हतं. गोष्टीतला धुक्याचा राजा एका मुलाला निळ्या दिव्याची लालूच दाखवतो, आणि तो गाढव मुलगा सारस पक्ष्याचा ठावठिकाणा सांगून मोकळा होतो. राजा वर त्यालाच धरतो, तेव्हा सारस पुढे होऊन म्हणतो, याला सोड, मला घे. इथवर ठीक. पण नंतरच्या पहाटे तोच मेलेला सारस नदीवरून चालत येतो. एवढ्याशा पोरीला हे कुणी नि कसं समजवायचं?

मावशीने तो फर्मा खणात टाकला. आजवर तिने कुणाच्या पुस्तकातलं पान गाळलं नव्हतं. स्वतःचाच राग येत होता, तरी ती शिवायला बसली.

संध्याकाळी भाची पुस्तक घेऊन जमिनीवर बसली. बाप पेपर वाचत होता, म्हणजे तोंडापुढे धरून होता. सारस धुक्यात दिसेनासा झाला. तिने पान उलटलं, तर पुठ्ठा.

"मावशी, पुढचं कुठंय?"

"संपलं, बाळा."

"कसं संपेल? आई वाचायची तेव्हा तो परत यायचा."

बापाने पेपर खाली ठेवला. "गोष्टीत येतात गं परत. खरंखुरं..."

"माहितीये मला," ती त्याचीच समजूत घातल्यासारखी म्हणाली. "आई नाही येणार. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

"मग ते पान कशाला हवंय?" बापाने विचारलं.

ती पुठ्ठ्याची कड नखाने कुरतडत राहिली.

"तो मुलगा लाजून गवतात लपतो ना, सारस आधी त्यालाच शोधत येतो. मग त्याला काहीतरी म्हणतो. काय म्हणतो तेच मला आठवत नाहीये." तिचा आवाज बारीक झाला. "आईला दवाखान्यात नेलं ना, त्या दिवशी माझी तिच्याशी कट्टी होती."

मेव्हण्याकडे न बघताच मावशीने खण उघडला आणि तो सुटा फर्मा पोरीच्या मांडीवर ठेवला.

पोरीने पहिल्या ओळीवर बोट टेकवलं. बाप खुर्चीतून उठला आणि तिच्या शेजारी जमिनीवर येऊन बसला.

"हळू वाच," तो म्हणाला. "आणि सारस काय म्हणतो, ते दोनदा वाच."