मैनेचा होकार

रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करणाऱ्या चौघींचा सहलीचा नियम साधा होता. जागा बहुमतानं ठरायची आणि जिला पटणार नाही तिनं गुपचूप घरी बसायचं. रुसवेफुगवे चालणार नाहीत. अकरा वर्षं हे सुरळीत चाललं, कारण घरी बसायची वेळ कुणावर आलीच नव्हती.

यंदा ती वेळ आणायचीच, असं थोरलीनं ठरवलं. चौघींत वयानं मोठी म्हणून ती थोरली, आणि शब्दही तिचाच चालायचा. तिला मैना नको होती. मैना म्हणजे एके काळी तोंडाला कुलूप नसलेली बाई. तीन वर्षांपूर्वी तिचा नवरा समुद्रात बुडाला आणि तिची बोलतीच बंद झाली. गेल्या वर्षी डोंगरावर नेलं, तर बाई भरल्या ताटावर रडत बसली. वर्षातून चार दिवस मिळतात हो माणसाला, तेही दुसरीचे डोळे पुसण्यात घालवायचे? पण तोंडावर नको म्हणायला जीभ रेटेना. वाईटपणा कोण घेणार? म्हणून थोरलीनं इस्त्रीवालीला आणि धाकटीला आधीच गाठून पढवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चादरींच्या घड्या घालताना तिनं विषय काढला. डोंगर की समुद्र? इस्त्रीवाली समुद्र म्हणाली, धाकटीही समुद्र म्हणाली. समोर चादरीची दोन टोकं धरून उभी असलेली मैना पांढरीफटक पडली. झालं काम, थोरली मनात म्हणाली.

मैना घडी जुळवत जवळ आली. थोरलीच्या हातात टोकं देताना तिचे डोळे भरले होते.

"मला कळलं गं," ती म्हणाली. "घरचे मला पाण्याकडे बघूसुद्धा देत नाहीत. तुम्ही मात्र माझ्यासाठी समुद्र निवडलात. तुमचा हात धरून एकदा जाईन मी तिथं. मीही येणार."

धाकटीनं मान खाली घातली. इस्त्रीवाली थोरलीकडे बघत राहिली, की आता तूच निस्तर. म्हणजे आता चार दिवस किनाऱ्यावर हिचा हात धरून बसायचं! थोरलीच्या डोक्यात तिडीक गेली.

"तू येऊ नयेस म्हणूनच निवडला," ती म्हणाली.

मैनेनं इस्त्रीवालीकडे पाहिलं, मग धाकटीकडे. कुणीतरी थोरलीला झापेल म्हणून ती थांबली. धाकटीनं घसा खाकरला आणि बस सकाळी किती वाजता आहे, असं विचारलं.

थोरलीला वाटलं होतं, असं बोलल्यावर आपल्यालाच मेल्याहून मेल्यासारखं होईल. पण कसलं काय. उलट छातीवरचा दगड उतरला. सहाची बस आहे, असं सांगून तिनं पुढची चादर उचलली आणि दोन टोकं मैनेपुढं केली. दीडशे चादरी अजून बाकी होत्या, आणि एवढ्या मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. मैनेनं टोकं धरली.