माटोळीतला रिकामा खण

मान थोडी वर करा. मी गणपतीच्या डोक्यावरून बोलते आहे. मी माटोळीची लाकडी चौकट.

गोव्याबाहेरच्या वाचकांना एवढे सांगायला हवे, की चतुर्थीला आमच्याकडे मूर्तीच्या वर छताला एक आडवी चौकट टांगतात. शेत, परसू आणि रान त्या ऋतूत जे देते ते सारे तिला बांधतात: नारळ, सुपारीचे घोस, चिबूड, तोरिंगे, आंबाडे, रानातल्या कांगण्या. यंदा आम्हाला एवढे मिळाले, हे देवाला दाखवण्याची ही रीत. एकदा पूजा सुरू झाली, की विसर्जनापर्यंत माटोळीतले काही काढत नाहीत आणि तिच्यात काही वाढवतही नाहीत.

माझा जन्म नार्व्याचा. परसातला फणस वादळात पडला, त्याच्या लाकडातून सुताराने मला घडवले आणि माझे नऊ खण पाडले. घरातल्या तीन भावांनी ते तीन-तीन असे वाटून घेतले. थोरला भाऊ आता नाही; त्याचे खण त्याची पत्नी चंद्रावती भरते. मधल्या ओळीचे खण दत्तारामचे. तिसरी ओळ धाकट्या गोकुळदासची. तो मुरगावला बोटींवर माल चढवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे मुकादम आहे आणि चतुर्थीला सहकुटुंब नार्व्याला येतो. वर्षाचे अकरा महिने मी माळ्यावर धूळ खाते, आणि एका महिन्यात वर्षभर पुरतील एवढ्या माणसांच्या आठवणी गोळा करते.

दत्तारामने आयुष्यभर रास्त धान्याच्या दुकानात तांदूळ मोजून दिला. दारात आलेले माणूस रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवणे, याहून मोठे पाप त्याला ठाऊक नव्हते. गाझातली बातमी तो रोज संध्याकाळी पाहत असे: सीमेवर पिठाने भरलेले ट्रक उभे, आणि पलीकडे रिकामी भांडी पुढे करणारी मुले. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात तेथे दुष्काळ पडल्याचे जाहीर झाले. दत्ताराम सरकारला पाठवायचे एक पत्र लिहीत बसला होता. युद्ध थांबवावे, मदत आत जाऊ द्यावी, आपल्या देशातून शस्त्रे जाऊ नयेत, ओलीस ठेवलेल्यांनाही सोडावे, अशा त्याच्या मागण्या होत्या. ‘अन्नाचा तुटवडा’ असे लिहून त्याने ते खोडले आणि वर ‘अन्नाची अडवणूक’ असे लिहिले. त्या दिवशी मला खाली उतरवून धुतले होते. मी भिंतीला टेकून हे पाहत होते.

हरतालिकेच्या दिवशी त्याने सांगितले, की माझा मधला खण तो रिकामा ठेवणार. येणारा प्रत्येक जण विचारील, आणि विचारणाऱ्यापुढे तो सहीसाठी पत्राची प्रत ठेवील.

गोकुळदास डिचोलीच्या माटोळी बाजारातून पिशव्या भरून नुकताच आला होता. त्याने पिशव्या खाली ठेवल्या नाहीत.

“दादा, घरात सुतक ना, सोयर ना. देवाच्या माथ्यावर खण रिकामो कसो दवरतलो तू?”

“सुतक काय रक्तापुरतेच मानायचे?” दत्तारामने विचारले.

मग बरेच काही बोलले गेले. गोकुळदासच्या बोलण्यात देव होता, पण त्याच्या आवाजात मुरगाव होते. दरवर्षी माझे छायाचित्र कोणीतरी मोबाइलवर टाकतो. यंदाचे छायाचित्र आणि शस्त्रे जाऊ नयेत म्हणणाऱ्या त्या पत्राची हकीकत बोटींच्या मालावर जगणाऱ्या कंत्राटदारापर्यंत गेली, तर पोटावर पाय येईल, अशी त्याला भीती होती. ती त्याने उघड सांगितली नाही. त्याऐवजी तो म्हणाला, की खण असाच राहिला तर पुढच्या वर्षी त्याचा गणपती मुरगावला वेगळा बसेल.

आमच्याकडे ही धमकी लहान नव्हे. एका घराचा गणपती दोन ठिकाणी बसला, की ते घर फुटले असे सारा गाव समजतो. चंद्रावती स्वयंपाकघरातून बाहेर आली, तिने दोघांकडे पाहिले आणि ती परत चुलीकडे गेली. रात्रीच्या जेवणात कोणी कोणाला वाढताना ‘आणखी घे’ म्हटले नाही.

चतुर्थीच्या सकाळी मला छताला टांगले. कडेचे खण भरत आले. दत्तारामची मुलगी सुविधा म्हापशाच्या इस्पितळात बालविभागात परिचारिका आहे. ती स्टुलावर चढली आणि मधल्या खणात केळीच्या सोपटाचे एक लहानसे कडे दोऱ्याने बांधून उतरली. त्याखेरीज तो खण उघडा होता.

दत्ताराम मूर्ती आणायला गेला. भटजी वाटेवर असल्याचा फोन आला. पूजा सुरू झाली, की माझ्यात फेरफार करता येणार नव्हता, आणि हे गोकुळदासला पक्के ठाऊक होते. तो स्टुलावर चढला. त्याच्या हातात सुपारीचा मोठा घोस होता. सामान अडकवण्यासाठी कोणी फास बांधून ठेवला असावा, असे समजून त्याने घोसाचे टोक त्या कड्यात घातले. पहिलीच सुपारी अडकली. त्याने ती दाबली, फिरवली. त्याचा घाम माझ्या लाकडावर पडला.

“सुविधा, हो फास इतको बारीक कित्याक बांधलंस गे? सुपारीसुद्धा भितर जायना.”

सुविधा रांगोळी टाकून उठली.

“काका, तो फास न्हय. दीड वर्षाच्या पोराच्या दंडाचे माप आसा ते. साडेअकरा सेंटिमीटर घेर. दंड ह्याच्याहून बारीक झालो, की पोराचो जीव धोक्यात. थंय गाझांत अशी किती पोरां आसत, काका.”

आपल्या नातवाचा दंड गोकुळदास रोज हातात धरतो. त्याची बोटे कड्याभोवती मिटली आणि पुन्हा उघडली. अंगणात मूर्ती आल्याचा गलका झाला. वर पाहत चंद्रावती म्हणाली, “उतर आता. देव दारात आसा.” तो घोस घेऊन उतरला.

संध्याकाळी घुमट या मातीच्या वाद्यावर होणाऱ्या आरतीला वाडा जमला. शेजारचा विठू घुमट सावरत माझ्याकडे पाहून म्हणाला, की सामान कमी पडले होते तर सांगायचे, त्याच्या परसात चिबडे कुजत आहेत. लोक हसले. पेडण्याहून आलेल्या चंद्रावतीच्या भावाने विचारले, की पहिला हल्ला कोणी केला, हे पत्रात आहे काय. दत्तारामने ओलिसांविषयीचे वाक्य वाचून दाखवले. तिसऱ्याने खाणींनी उजाड केलेल्या पाळी गावाकडे बोट दाखवले आणि आधी आपल्या लोकांचे पाहा म्हणाला. आता भांडण होणार, असे मला वाटले.

तेव्हा कोपऱ्यातून गोकुळदास बोलला. “विठू, स्टुलावर चढ. त्या कड्यात तुजी दोन बोटां घाल. मागीर हास.”

विठू चढला. दोन बोटे गेली, तिसरे अडले. कारण ऐकून तो उतरला आणि त्याने पेन मागितले. सगळ्यांनी सही केली, असे नाही. पेडण्याच्या पाहुण्याने केली नाही. पाळीचे नाव काढणारा आरती संपण्याआधीच गेला. तरीही पाच दिवसांत पत्रामागे पत्र सह्यांनी भरले.

विसर्जनानंतर निघताना गोकुळदासने सह्यांविना उरलेल्या पत्रांचा गठ्ठा पिशवीत घातला. तो भावाला म्हणाला, “फुडल्या वर्सा काय करतलो, ता म्हाका खबर ना. ही मात्र हांव घेऊन वतां.” ती पत्रे त्याने धक्क्यावर फिरवली. कंत्राटदाराने त्याला बोलावून घेतले आणि मुकादमी काढून गोदामात बसवले, असे चंद्रावती मला माळ्यावर ठेवताना सांगत होती.

आता मी पुन्हा माळ्यावर आहे. युद्धविराम झाल्याचे खालून कानावर आले. त्यानंतरही माणसे मेल्याच्या आणि मदत अडल्याच्या बातम्या थांबल्या नाहीत. पुढच्या भाद्रपदात मला एका घराची माणसे उतरवतील की फुटलेल्या घराची, हे मला कळत नाही. ते भय खरे आहे, आणि गोकुळदासने ते भय पिशवीत घालूनच गठ्ठा नेला.

वाचकहो, तुमच्याकडे कागद आहे, आवाज आहे, ओळखीची चार दारे आहेत. सरकारला लिहा. शेजाऱ्याला लिहायला लावा. कोणी हसला तर त्याला साडेअकरा सेंटिमीटर घेराचे कडे करून दाखवा. यासाठी चतुर्थीची वाट पाहू नका. मी लाकूड आहे, मी वाट पाहू शकते. त्या मुलांना तेवढा वेळ नाही.