चढाच्या गल्लीखालचे सात खांब

सोनं विकायला आलेल्याला ते कुठून आणलं हे विचारायचं नाही, हा सांता फिलोमेनातल्या सोनारांचा जुना दंडक. डेल्फाने तो तीस वर्षं पाळला होता. पाळला म्हणजे काय, सोयीचा होता म्हणून पाळला. निम्मं गाव चोरून जुन्या खाणीत उतरायचं, उरलेलं निम्मं त्यांच्या जिवावर जेवायचं, आणि सोनारीण नको तिथे नाक खुपसायला लागली की गिऱ्हाईक सरळ पुढचं दुकान गाठायचं.

त्या मंगळवारी मात्र तिच्या भाच्याने, विल्मानने, तिसऱ्यांदा तसलाच बोराएवढा गोळा टेबलावर ठेवला, आणि तिचा हात काट्याकडे गेलाच नाही. सोनं फिकट होतं, चांदीकडे झुकलेलं. आधीच्या दोन खेपांनाही ते फिकटच होतं. तेव्हा तिने डोळ्यांवर कातडं ओढलं होतं, आणि आता तिला त्याची लाज वाटत होती.

"हे कुठलं रे?" तिने विचारलं.

"नदीतलं, मावशी. तू कधीपासून चौकशा करायला लागलीस?"

"आजपासून. नदीचं सोनं पिवळंधमक असतं, हे मला शिकवू नकोस."

विल्मान हसला, गोळा खिशात टाकून निघून गेला. डेल्फाने भर अकरा वाजता दुकानाचं फळकूट लावलं.

तिचा बाप, एलिसेओ, परदेशी कंपनीच्या खाणीत बावीस वर्षं राबला होता. असलं फिकट सोनं अख्ख्या डोंगरात एकाच ठिकाणी होतं, चढाच्या गल्लीच्या खाली. कंपनीने ते सगळं ओरबाडून नेलं. छत खाली येऊ नये म्हणून तेवढे सात दगडी खांब सोडले, एकेक खोलीएवढा जाड. आता त्या खांबांच्या पोटातच काय ते फिकट सोनं उरलं होतं. कंपनी गाशा गुंडाळून गेल्यावर बाप जेवताना सांगायचा, की ते खांब खाणीचे नाहीत, वर राहणाऱ्यांचे आहेत. वर अकरा घरं होती, लाकडी सज्ज्यांची, एकाला एक चिकटलेली. त्यातलं मधलं, सहावं, बापाचं. तिथे आता डेल्फाची थोरली बहीण उबाल्दिना राहत होती, विल्मानची आई.

डेल्फा आधी नगरपालिकेत गेली. तिथल्या कारकुनाने राजधानीहून, क्वितोहून, इंजिनिअर येईल तेव्हा बघू म्हणून सांगितलं, आणि वर पुरावा मागितला. मग ती गल्लीत शिरली आणि खालचे खांब कापले जातायत, घरं सोडा, असं दारोदार सांगत सुटली. भाच्याचं नाव घेतलं, आपण दोनदा तेच सोनं विकत घेतल्याचंही लपवलं नाही. गल्लीतल्या सोईलाबाईने तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण जागचं कुणी हललं नाही. सगळ्यांची नजर उबाल्दिनाच्या दाराकडे. जिचा पोरगा स्वतः खाली काम करतो ती बाई निवांत केळी तळत बसली आहे, मग आम्ही कपाटं कशाला ओढत बाहेर काढायची, असं जो तो म्हणाला. डेल्फाला राग आला तो याचा, की त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

म्हणजे आधी ताई बाहेर यायला हवी. बुधवारी सकाळी ती उबाल्दिनाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"गावभर माझ्या पोराची अब्रू काढत फिरलीस, आणि आता कॉफी प्यायला आलीस?" उबाल्दिना म्हणाली. ती कढईत हिरवी केळी ठेचत होती, आणि जरा जास्तच जोराने ठेचत होती.

"कॉफी दे, मग शिव्या दे. तुला घेतल्याशिवाय मी उठणार नाही, ताई."

उबाल्दिनाने स्पष्टच सांगितलं. आज आपण गादी घेऊन या दारातून बाहेर पडलो, तर आपला मुलगा चोर आहे अशी दवंडी पिटल्यासारखं होईल. त्यापेक्षा गाडली गेले तरी चालेल.

"एकटी नाही गाडली जाणार तू," डेल्फा म्हणाली. "तुझ्याकडे बघून सगळे बसून राहिलेत. शेजारच्या ओल्मेदोगुरुजींना तर पलंगावरून उठताही येत नाही."

डेल्फाने खिशातून सोन्याचं एक फूल काढून टेबलावर ठेवलं. विल्मानच्या सोन्याची तार ओढून तिने ते घडवायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर सोडलं होतं. मग तिने ताईला कानातलं काढायला लावलं. ते आईचं, बापाने बुटात लपवून आणलेल्या सोन्याचं. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. रंगात केसाचाही फरक नव्हता.

"तुझ्या हातून चांदी जास्त पडली असेल," उबाल्दिना म्हणाली. पण कानातलं तिने परत घातलं नाही.

तेवढ्यात विल्मान न्याहारीला आला. आईने त्याच्यापुढे बशी ठेवली, ठेचलेल्या केळ्यांवर अंडं आणि चीज, त्याच्या आवडीचं. दोन घास खाऊ दिले आणि विचारलं, "आजोबांच्या खांबांपैकी किती उरलेत?"

त्याने आधी मावशीकडे पाहिलं, मग बशीकडे. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आईने नजर हटवली नाही.

"तुझा आहे, आई," तो हळूच म्हणाला. "या स्वयंपाकघराच्या खालचा. त्याला मी हात लावला नाही, दुसऱ्या कुणाला लावूही दिला नाही. तू कशाला घाबरतेस?"

आईसाठी काही भेट आणल्यासारखं तो हे सांगत होता. इतके दिवस डेल्फाला तो नुसता लोभी वाटला होता. तो शहाणपणाने, हिशोबाने, आईवरच्या मायेने दहा घरांखालची जमीन पोखरत होता, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

उबाल्दिनाने त्याची अर्धी भरलेली बशी उचलली. गॅस बंद केला. आतल्या खोलीतून गादी ओढत आणली.

"दुसरं टोक धर," ती मुलाला म्हणाली.

गल्लीच्या मधोमध तिने गादी टाकली आणि खड्या आवाजात सांगितलं, "माझ्या पोराने खांब कापलेत. एकच राहिलाय आणि तो माझ्या घराखाली आहे. तुमच्याखाली काही नाही. निघा."

यानंतर कुणी पुरावा मागितला नाही. तीन वाजेपर्यंत अकराही घरं रिकामी झाली. ओल्मेदोगुरुजींना पलंगासकट उचलून नेलं, पलंगाचा एक पाय विल्मानच्या हातात होता. सोईलाबाई चर्चपर्यंत त्याच्या पाठीत चप्पल हाणत गेली. त्याने पलंग खाली ठेवला नाही. संध्याकाळी तो आपणहून पोलिसांकडे गेला. डेल्फाही बरोबर गेली आणि विकत घेणारी म्हणून स्वतःचं नाव लिहून आली.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला, गल्लीतली माणसं चर्चच्या पायऱ्यांवर कॉफी पीत बसलेली असताना, ताटांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. मग दुसरा, बराच मोठा. गल्ली दोन्ही टोकांकडून आत बसत गेली. धूळ खाली बसायला पाव तास लागला. दहा घरांच्या जागी खड्डा होता आणि मधोमध, दगडाच्या बुंध्यावर, उबाल्दिनाचं गुलाबी घर उभं होतं. खिडकीचा पडदासुद्धा जागच्या जागी. सगळे नुसते त्या घराकडे बघत राहिले, आणि उबाल्दिनाही बघत राहिली.

क्वितोचा इंजिनिअर त्यानंतर नऊ दिवसांनी उगवला. त्याने यंत्रं लावली, मोजमापं घेतली, आणि उबाल्दिनाला आनंदाची बातमी दिली. तिच्या घराखालचा दगड अख्ख्या डोंगरात सगळ्यात पक्का होता. एक पूल टाकला की ती खुशाल परत राहायला जाऊ शकत होती.

"ते पाडा," उबाल्दिना म्हणाली.

बाईला नीट कळलं नसावं असं वाटून त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. घर सुरक्षित आहे, पन्नास वर्षं हलणार नाही.

"म्हणून तर सांगते, साहेब. या सगळ्यांनी ते रोज बघायचं का? पाडा."

इंजिनिअरने मदतीच्या आशेने डेल्फाकडे पाहिलं. ती बहिणीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि घर पाडायचा अर्ज कुठे करायचा ते विचारू लागली.