लोटनचा चेहरा

साक्रीकडच्या एका पाड्यावरून झुंबरबाई पहिल्या एसटीने निघाली आणि धुळ्याला गाडी बदलून अकराच्या सुमाराला नशिराबादला उतरली. बरोबर मुलगा किरण होता. मूर्तिकार प्रेमराजनानांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं घर आता लोकांना बघायला खुलं केलंय, असं किरणने मोबाइलवर वाचलं होतं. तेव्हापासून आईने त्याच्यामागे धोशाच लावला होता.

चोवीस वर्षांपूर्वी ती एकदाच इथे आली होती. नवरा लोटन विहीर खोदताना दरड कोसळून गेला. किरण तेव्हा आठ महिन्यांचा. लोटनचा एकही फोटो नव्हता. पोराला बाप दाखवायचा कसा, या एका विचाराने ती विचारत विचारत नानांच्या दारात येऊन उभी राहिली.

"न पाहिलेल्या माणसाचा चेहरा कसा घडवू, बाई?" नाना म्हणाले.

"मी सांगसू ना," ती म्हणाली.

चार दिवस ती सांगत राहिली आणि नाना शाडूवर बोटं फिरवत राहिले. नाक जरा बसकं. डाव्या भुवईवर वण. हसू आधी डोळ्यांत यायचं. चौथ्या दिवशी नानांनी ओलं फडकं बाजूला केलं आणि झुंबरबाईचा हात आपसूक पदराकडे गेला. तिने डोकं झाकून घेतलं.

"झाला म्हणायचा," नाना हलकेच बोलले.

त्या मातीवरून ओतलेला प्लास्टरचा चेहरा झुंबरबाईच्या घरी भिंतीवर लागला. त्याच्या पाया पडून किरण शाळेत गेला, आयटीआय झाला, नोकरीला लागला. नानांना भेटायला जायचं मात्र आज-उद्या करत राहूनच गेलं.

दार नानांच्या मुलीने, रोहिणीने उघडलं. कार्यशाळा तशीच होती. मातीचा थंड वास, खिडकीपाशी फिरता पाट. फळीवर ओळीने चेहरे मांडलेले. त्यातले तीन बघून किरण जागीच थांबला.

"आई, हे तर आबा!"

तिन्हींखाली नानांच्या अक्षरात लिहिलं होतं : लोटन, साक्री. त्या चार दिवसांतले आधीचे प्रयत्न होते ते : एक नाक चुकलेला, एक हसू चुकलेला, एक अर्धवट सोडलेला.

रोहिणीने झुंबरबाईकडे नीट पाहिलं. "तुम्ही त्या साक्रीच्या मावशी? आई गेल्यावर बाबांनी वर्षभर मातीला हात लावला नव्हता. मी धुळ्याला होस्टेलवर होते. ते जेवतात की नाही, तेही कळायचं नाही. मग एकदा पत्र आलं, साक्रीहून एक बाई आली, माती पुन्हा भिजवली. मावशी, मला बाप परत मिळाला तो तुमच्यामुळे."

झुंबरबाई पाटापाशी बसली. "मी ते मनंच दुख लिसन उनू व्हतू, माय. त्यासले बी दुख शे, माले काय ठाऊक!" आपलंच दुःख घेऊन आलेल्या तिला नानांचंही दुःख आज कळत होतं.

दोघी बराच वेळ रडल्या. किरणने नानांच्या हातोडी-छिन्नीला हात लावून नमस्कार केला.

मागच्या बागेत नानांनी लावलेली चिक्कूची झाडं लगडली होती. सावलीत रोहिणीने पानं मांडली. झुंबरबाईने पिशवीतून नागलीचे पापड काढले. तिने ते आणले होते नानांच्या फोटोपुढे ठेवायला. रोहिणीने त्यातले चार आत जाऊन भाजून आणले.

निघताना रोहिणी म्हणाली, "त्यातला एक चेहरा घेऊन जा."

"नको," झुंबरबाई म्हणाली. "राहू दे त्यासले आठेच, नानाजवळ." आणि तिने रोहिणीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.